देवघेवीचे रजिस्टर

मोजण्याची खोड मला लहानपणापासून आहे. घाट चढताना वळणे मोजावीत, पंगतीत वाढप्याच्या ताटातल्या जिलब्या मोजाव्यात, कीर्तनकारबुवा ‘म्हणजे’ हा शब्द किती वेळा उच्चारतात ते बोटांच्या पेरांवर धरून ठेवावे, असले उद्योग मी पुष्कळ केले आहेत. पुढे मास्तरकी पत्करली आणि या खोडीला जणू सरकारमान्यता मिळाली. मुलांचे गुण मोजायचे, त्यांची बेरीज करायची, सरासरी काढायची आणि वर्गातल्या चाळीस जिवांना एकापाठीमागे एक असे उभे करायचे, याबद्दल दरमहा पगार मिळू लागला.

त्यामुळे आमच्या तालुक्याच्या गावच्या वाचनालयात नियतकालिकांची वर्गणी झेपेनाशी झाली आणि त्यांतली काही बंद करण्याचे ठरले, तेव्हा ‘कोणती बंद करावी हे मास्तरांनी सांगावे’ असे मंडळाने एकमताने ठरवले, यात नवल नव्हते. गेल्या वर्षीच्या दिवाळीआधीची ही गोष्ट. आमच्या वाचनालयात नवे अंक बैठकीतल्या मेजावर असतात. ते जुने झाले म्हणजे सभासदांना घरी नेता येतात आणि त्याची नोंद देवघेवीच्या रजिस्टरात होते. मी ते रजिस्टर मागून घेतले आणि तीन संध्याकाळी खर्चून एक तक्ता तयार केला. कोणते नियतकालिक वर्षभरात किती वेळा घरोघरी गेले तो आकडा पहिल्या रकान्यात. पण साप्ताहिकाचे अंक बावन्न आणि मासिकाचे बारा; नुसत्या आकड्याने मासिकावर अन्याय होईल, म्हणून त्या आकड्याला अंकांच्या संख्येने भागून निघालेली सरासरी दुसऱ्या रकान्यात. हा भागाकार मला सुचला याचा मला इतका आनंद झाला की त्या रात्री मी एक पोळी जास्त खाल्ली. तक्त्यात सर्वांत वर सिनेमाचे एक साप्ताहिक आले. सर्वांत तळाशी शेतीविषयक एक मासिक होते. वर्षभरात त्याचे अंक अवघ्या दोन वेळा बाहेर गेले होते.

खोटे कशाला सांगू? रजिस्टर हातात होतेच, तेव्हा माझ्या स्वतःच्या कादंबरीचेही पान मी उघडून पाहिले. पाच वर्षांत नऊ नोंदी होत्या. त्यांतल्या तीन माझ्याच सहीच्या निघाल्या.

भाऊबीजेला मी आक्काच्या गावी गेलो तेव्हा तो तक्ता पिशवीतच होता. आक्का माझ्याहून पंधरा वर्षांनी थोरली. तिचा मुलगा कोरडवाहू शेतीवर संशोधन करतो. तोही दिवाळीला आलेला होता. मामाभाच्यांत बारा वर्षांचेच अंतर असल्यामुळे आमचे मैत्र आहे. ओसरीवर बसून मी त्याला माझा पराक्रम दाखवला. त्याने तक्ता वरून खाली वाचला आणि तो हसू लागला.

“मामा, तुम्ही तर इम्पॅक्ट फॅक्टर काढलात!”

हा शब्द मी वर्तमानपत्रात वाचलेला होता, पण तो माझ्या रजिस्टरातून निघेल असे वाटले नव्हते. भाच्याने मग मला ते सारे शास्त्र समजावून दिले. माझे शिक्षण मॅट्रिकवर थांबलेले. पण मोजणीचा मामला असल्यामुळे मला ते समजले, आणि समजले तेव्हा काही तरी टोचलेही. ते काय टोचले तेच मला इथे सांगायचे आहे.

या शास्त्राचा उगम माझ्यासारख्याच एका अडचणीतून झाला, हे ऐकून मला मोठे बरे वाटले. अमेरिकेत कॅलिफोर्निया प्रांतात पोमोना नावाचे एक छोटे कॉलेज आहे. तिथल्या ग्रॉस नावाच्या दोघांपुढे 1927 साली प्रश्न पडला की लहान कॉलेजाच्या ग्रंथालयाने रसायनशास्त्राची कोणती नियतकालिके घ्यावीत? पैसा थोडा आणि नियतकालिके उदंड. त्यांनी अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकाचा 1926 सालचा खंड घेतला आणि त्यातल्या लेखांनी आपल्या तळटिपांत कोणकोणत्या नियतकालिकांचे दाखले दिले आहेत ते एकेक करून मोजले. दाखले साडेतीन हजारांवर भरले. ज्याचा दाखला जास्त वेळा आला ते आधी घ्यावे, असा साधा हिशेब. ज्ञानाची देवघेव तळटिपांत नोंदलेली असते हे त्यांनी ओळखले होते.

पुढे फिलाडेल्फियाच्या यूजीन गारफील्ड यांनी या हिशेबाचा मोठा कारखाना उभा केला. अमेरिकेतल्या वकिलांकडे एक जुनी सोय होती. एखाद्या खटल्याच्या निकालाचा पुढे कोणकोणत्या निकालांत आधार घेतला गेला याची ‘शेपर्ड्स सायटेशन्स’ नावाची सूची 1873 पासून निघत असे. तशीच सूची शास्त्रीय लेखांची का नसावी, असा प्रश्न गारफील्ड यांनी 1955 साली ‘सायन्स’ या साप्ताहिकात मांडला, आणि 1960 नंतर ती सूची खरोखरच छापून निघू लागली. सूचीत कोणती नियतकालिके घ्यायची हे ठरवण्यासाठी त्यांनी आणि आयर्विंग शेर यांनी एक भागाकार योजला. तोच हा इम्पॅक्ट फॅक्टर. आपण त्याला प्रभावांक म्हणू. एखाद्या नियतकालिकाने मागच्या दोन वर्षांत जे लेख छापले, त्यांचे दाखले यंदाच्या वर्षात एकूण किती दिले गेले, ते मोजायचे आणि त्या दोन वर्षांतल्या लेखांच्या संख्येने भागायचे. शंभर लेख आणि दीडशे दाखले असले तर प्रभावांक दीड. लेख जास्त छापणाऱ्याला नुसत्या आकारामुळे मोठेपणा मिळू नये म्हणून हा भागाकार. साप्ताहिकाच्या बावन्न अंकांची माझी तीच तर अडचण होती!

“मग बिघडलं कुठं?” मी विचारले.

“दोन ठिकाणी,” भाचा म्हणाला. “एक, ही सरासरी आहे. आणि दुसरं, दोन वर्षं.”

सरासरीचे मर्म मास्तराला कुणी सांगायला नको. चाळीस मुलांच्या वर्गात एखादा गणिती अवतरला म्हणजे वर्गाची सरासरी चढते, आणि शेवटच्या बाकावरच्या पोराचे गुण मात्र होते तिथेच राहतात. भाच्याने याचे एक नामांकित उदाहरण सांगितले. स्फटिकशास्त्राचे ‘अ‍ॅक्टा क्रिस्टलोग्राफिका’ म्हणून एक नियतकालिक आहे. त्याच्या ‘अ’ विभागाचा प्रभावांक दोनच्या आसपास असे. 2008 साली तिथे एका संगणकीय साधनाविषयी एकच लेख आला. ते साधन वापरणारा प्रत्येक जण त्या लेखाचा दाखला देऊ लागला आणि 2009 चा प्रभावांक एकदम पन्नासच्या घरात गेला. त्या सालात तिथे छापलेले बाकीचे लेखक काही पंचवीसपट शहाणे झाले नव्हते. आणि हे आकडे कित्येक वर्षे दशांशचिन्हापुढे तीन घरांपर्यंत छापले जात. 2023 पासून एकच घर छापू लागले, तेव्हा किती तरी नियतकालिके एका रात्रीत बरोबरीची झाली.

दोन वर्षांची गोष्ट त्याहून मोठी, आणि ती शेतीशी निगडित आहे. रसायनशाळेतला प्रयोग आठवड्यात होतो. रबीचा प्रयोग वर्षातून एकदाच करता येतो. दिवस चुकला की पुन्हा पुढच्या आश्विनाची वाट पाहायची. एका हंगामावर कुणी विश्वास ठेवत नाही. तीन तरी लागतात, आणि त्या तिन्हींत पाऊस शहाण्यासारखा वागला पाहिजे. इंग्लंडात रॉदॅमस्टेड येथे गव्हाच्या खतांचा एक प्रयोग 1843 साली सुरू झाला तो अजून चालू आहे. अशा शास्त्रात आज छापलेला लेख दुसऱ्याने वाचायचा, आपल्या शेतात करून पाहायचा, त्यावर लिहायचे आणि ते छापून यायचे, एवढे होईपर्यंत दोन वर्षे कधीच उलटून गेलेली असतात. दाखले येतात, पण दार बंद झाल्यावर येतात.

भाच्याने कपाटातून दाजींचे मृदा आरोग्य पत्रिकेचे कार्ड काढले. 2015 पासून सरकार शेतकऱ्यांना ही कार्डे देते. जमिनीत सेंद्रिय कर्ब किती, उपलब्ध नत्र किती, ते त्यावर लिहिलेले असते. “हा कर्ब मोजायची रीत,” तो म्हणाला, “वॉकली आणि ब्लॅक या दोघांनी 1934 साली ‘सॉइल सायन्स’मध्ये सांगितली. आणि हे उपलब्ध नत्र मोजायची रीत सुब्बय्या आणि असिजा यांनी 1956 साली बंगळूरच्या ‘करंट सायन्स’मध्ये दिली. लेख किती पानांचा माहीत आहे? दोन!” त्या दोन पानांच्या रीतीने आपल्या देशातल्या माती परीक्षण प्रयोगशाळा आजही नत्र काढतात. त्या लेखाचे दाखले आजवर दिले जातात. पण त्यांतला एकही ‘करंट सायन्स’च्या यंदाच्या प्रभावांकात धरला जात नाही. आणि प्रयोगशाळेतला जो माणूस रोज त्या रीतीने माती तपासतो, तो तर कार्डावर तळटीप देतच नाही.

आमच्या वाचनालयातला मोठा शब्दकोश मला आठवला. तो घरी न्यायला बंदी आहे. सारे गाव तो उघडून पाहते, त्याचा पुठ्ठा दोनदा बदलावा लागला, आणि रजिस्टरात त्याच्या नावावर एकही नोंद नाही.

हे दोष जाणत्यांना कळले नव्हते असे मुळीच नाही. त्यांनी नवी मापे काढली, आणि त्या मापांची तुलना हाच मग एक अभ्यासाचा विषय होऊन बसला. भाच्याने ती मापे मला ओळीने सांगितली आणि मी ती मास्तरकीच्या भाषेत लावून घेतली.

दोन वर्षे थोडी पडतात म्हणून कुणी पाच वर्षांचा प्रभावांक काढला. शेतकी नियतकालिकांना त्यात जरा श्वास घेता येतो. ‘स्कोपस’ नावाच्या दुसऱ्या सूचीवाल्यांनी 2016 साली ‘साइटस्कोअर’ आणला. तो आता चार वर्षांचा हिशेब धरतो. हे झाले मुदत वाढवण्याचे उपाय.

दुसरे म्हणाले, दाखला कुणी दिला हेही पाहिले पाहिजे. वरातीत कुणीही नवरदेवाला ‘देखणा’ म्हणतो. सोनाराने सोन्याला चोख म्हटले तर त्याला वजन असते. ज्या नियतकालिकांचे स्वतःचे दाखले पुष्कळ दिले जातात त्यांनी दिलेल्या दाखल्याला अधिक मोल द्यायचे, अशा तत्त्वावर अमेरिकेतल्या बर्गस्ट्रॉम आणि वेस्ट यांचा ‘आयगेनफॅक्टर’ आणि स्पेनमधला ‘एस्‌जेआर’ ही मापे उभी आहेत. आयगेनफॅक्टरमध्ये नियतकालिकाने स्वतःचाच दिलेला दाखला धरत नाहीत. हे ऐकून माझ्या कादंबरीच्या नऊ नोंदी सहावर आल्या. पण या मापांत एक गोम आहे. ज्यांच्याकडे वजन आहे त्यांनी ज्यांना विचारले त्यांनाच वजन मिळते. दापोली, राहुरी, अकोला, परभणी इथल्या माणसांनी एकमेकांच्या कोरडवाहू कामाचे कितीही दाखले दिले, तरी ती गरिबाघरची आहेररीत ठरते.

तिसरे माप ‘एच्‌’ निर्देशांकाचे. सान डिएगोचे पदार्थशास्त्रज्ञ हिर्श यांनी ते 2005 साली माणसांसाठी काढले, मग लोकांनी ते नियतकालिकांनाही लावले. वीस लेखांना प्रत्येकी निदान वीस दाखले असले, आणि एकवीस लेखांबाबत तसे म्हणता आले नाही, की निर्देशांक वीस. एखाद्याच गणिती पोराने इथे वर्ग वर जात नाही, हा त्याचा गुण. पण दरसाल हजार लेख छापणारे नियतकालिक चाळीस लेख छापणाऱ्याला आपोआप मागे टाकते, हा अवगुण. गूगलवाले पाच वर्षांचा असा निर्देशांक देतात. त्यांचे जाळे मोठे. लहान देशी नियतकालिके आणि प्रबंधही त्यात सापडतात, त्यामुळे आपल्याकडच्या शेतकी लेखनाला तिथे निदान उभे राहायला जागा मिळते.

आणि चौथे माप मला सर्वांत आवडले. आमच्या वेळी गणितात पैकीच्या पैकी मिळत आणि मराठीत पासष्टाच्या पुढे गुण देणे परीक्षकाला कमीपणाचे वाटे. मराठीतले बासष्ट आणि गणितातले बासष्ट सारखे मानणारा मास्तर मूर्ख. शास्त्रांचेही असेच आहे. वनस्पतींच्या पेशींत आणि जनुकांत डोकावणारे लोक एकेका लेखात दाखल्यांची रास घालतात आणि ताजेच दाखले देतात. मशागत, पेरणी, पाणी यांवर लिहिणारे हात राखून देतात. म्हणून दोन्ही जरी ‘शेतीची’च नियतकालिके म्हटली, तरी पेशीवाल्यांचा प्रभावांक उंच आणि मशागतवाल्यांचा ठेंगणा. हॉलंडातल्या लायडनच्या हेंक मूड यांनी 2010 साली ‘स्निप’ नावाचे माप काढले. ज्या विषयात दाखले सढळ दिले जातात तिथे एका दाखल्याची किंमत कमी धरायची, जिथे हात आखडता तिथे जास्त. मास्तराचा मूर्खपणा यात पुष्कळ कमी होतो.

“म्हणजे एकच नियतकालिक एका मापानं वरच्या रांगेत आणि दुसऱ्या मापानं खालच्या रांगेत, असं होत असेल?” मी विचारले.

“होतंच. मशागतीचं नियतकालिक स्निपवर बरं दिसतं, साध्या प्रभावांकावर बापुडवाणं. नुसते आढावे छापणारं असेल तर प्रभावांकावर राजा, कारण आढाव्याचा दाखला देणं सोपं. प्रत्येक माप खरंच सांगतं, मामा. पण निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरं देतं. आणि आमच्याकडं प्रश्न विचारायच्या आधीच उत्तर छापून ठेवलेलं असतं.”

इतका वेळ हसतखेळत बोलणारा तो इथे थांबला. आक्का आत फराळाची ताटे करत होती. तिला ऐकू जाऊ नये इतक्या हलक्या आवाजात त्याने मला बाकीची हकीकत सांगितली.

आपल्या देशात राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमी नियतकालिकांची एक गुणयादी काढते. ज्याला प्रभावांक आहे त्याला सहा अधिक तो प्रभावांक, आणि ज्याला नाही त्याची निराळी छाननी करून सहाच्या आत गुण, अशी तिची रीत आहे. देशी नियतकालिकांनाही काही प्रत ठरवून मिळावी म्हणून अशी यादी लागते, यात वाद नाही. पण यादी नियतकालिकांची असते, आणि मुलाखतीला माणूस बसतो. त्या वर्षी एका संस्थेत भाच्याची मुलाखत झाली होती. त्याने दोन लेख पुढे ठेवले होते. एक त्याच्या विद्यार्थिदशेतला, रोपांच्या पेशींवरचा. त्यात आठ लेखक, हा पाचवा. त्याच्या हाती त्यातले काम आले ते नमुने वाळवून दळण्याचे. तो बड्या आकड्याच्या परदेशी नियतकालिकात आलेला. दुसरा लेख रबी ज्वारीचा. काळ्या रानाला भेगा पडतात आणि त्यांतून ओल उडून जाते. शेवटची कोळपणी भेगा पडण्याआधी करावी की पडल्यावर त्या बुजवण्यासाठी करावी, याचा त्याने सात हंगाम घेतलेला माग. सातांतले दोन हंगाम पावसाने नासवले. लेखक हा एकटा आणि नियतकालिक देशी. तक्त्यात दोन्ही लेखांपुढे नियतकालिकांचे गुण भरलेले होते. मुलाखत घेणाऱ्यांनी तक्ता पाहिला, बेरीज पाहिली. सात हंगामांबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. निवड दुसऱ्याची झाली.

“आता पुढचा लेख तयार आहे,” तो म्हणाला. “त्याच ज्वारीचा. बाहेर पाठवायचा तर ज्वारी, कोळपं, गाव, सगळं मागं सारून भेगांचं आणि ओलीचं गणित तेवढं पुढं करावं लागेल. घेतीलही. पण मग इथल्या माणसाला त्यात काही उरत नाही. इथं छापला तर इथले लोक वाचतील, आणि पुढच्या मुलाखतीत पुन्हा तोच तक्ता. काय करू?”

मी त्याचा मामा. मी म्हणालो, “आधी पोट. मोठ्या आकड्याकडं पाठव.” मला वाटते, कुणीही हेच सांगितले असते. तो काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजींबरोबर आम्ही रानात गेलो. दाजींचे रान काळे, खोल, सोलापूरकडे ज्याला ज्वारीचे रान म्हणतात तसले. ज्वारी वीतभर वर आलेली होती. मालदांडी. हे वाण मोहोळच्या केंद्रात मालदांडी या गावरान ज्वारीतून 1930 नंतरच्या दशकात निवडून काढले. त्याला सरकारी दप्तरात ‘एम 35-1’ म्हणतात. त्यानंतर कितीक सुधारित वाणे आली, तरी हे अजून हटलेले नाही. भाकरीला आणि कडब्याला त्याच्यासारखे दुसरे नाही असे शेतकरी म्हणतात. याच मुलखात 1933 साली कोरडवाहू शेतीच्या संशोधनाचे एक केंद्र सोलापूरला निघाले. सोलापूर, विजापूर, हगरी, रायचूर आणि रोहतक अशी पाच केंद्रे होती. तिथल्या कामावर कनिटकरांनी 1944 साली ‘ड्राय फार्मिंग इन इंडिया’ हे पुस्तक लिहिले. आज कुठल्या मापाने या लोकांची रांग लावणार?

एका गड्याचे कोळपे चालू होते. दाजी बांधावर बसले आणि मला म्हणाले, “मास्तर, आमचं पोरगं म्हणतं, रान फाटायची वाट बघू नका, आधीच कोळपं घाला. मी म्हटलं, आमचा बा फाटल्यावर घालायचा. पण दोन सालं त्याचं ऐकून बघितलं. खालच्या अंगाच्या रानाला आधी घातलं, वरच्याला मागनं. खालचं पीक पौषात बी हिरवं राहिलं. आता पलीकडचे चौघं तसंच करतात.”

“त्यांना कुणी सांगितलं?”

“सांगायचं काय त्यात? बांधावरनं दिसतंय की.”

मी भाच्याकडे पाहिले. तो मातीत बोटे घालून ओल कुठवर आहे ते बघत होता. काल रात्री मी त्याला जो सल्ला दिला त्याची मला लाज वाटली. चार बांधांपलीकडून चार जणांनी त्याच्या लेखाचा दाखला दिला होता, आणि तो नोंदवणारी सूची जगात कुठेही नव्हती. ज्या शास्त्राचा शेवटचा वाचक वाचीत नाही, फक्त करतो, त्या शास्त्राचे मोल तळटिपा मोजून कसे कळावे? तळटीप मोजणे खोटे नाही. पोमोनाच्या त्या दोघांना आपले थोडे पैसे नीट खर्च करायचे होते आणि मोजणीने त्यांना खरे उत्तर दिले. नियतकालिके निवडण्यासाठी काढलेले माप माणसे निवडायला लावले, तिथे घोटाळा झाला. कापड मोजायचा गज घेऊन दूध मोजायला बसल्यावर गजाला दोष देण्यात अर्थ नाही.

हे मी काही नवे सांगत नाही, असे भाच्यानेच परतताना मला समजावले. 2012 साली सान फ्रान्सिस्कोला जमलेल्या संपादकांनी आणि शास्त्रज्ञांनी जाहीरनामा काढला की नियतकालिकाच्या आकड्यावरून एकट्या लेखाची अगर लेखकाची परीक्षा करू नये, नेमणूक करताना तर नाहीच. 2015 साली लायडनच्या नावाने आणखी एक जाहीरनामा निघाला. त्यात दहा तत्त्वे आहेत, आणि स्थानिक गरजांच्या चांगल्या संशोधनाला जपावे हे त्यांतले एक. “छापला कुठं, माहीत आहे का?” तो हसून म्हणाला. “‘नेचर’मध्ये. त्याचा प्रभावांक आमच्या सगळ्या मशागतवाल्यांनी मिळूनही गाठायचा नाही!”

त्याने लेख देशी नियतकालिकाकडेच पाठवला. मी माझा सल्ला परत घेतला होता, पण त्यामुळे नव्हे. रानातून येतानाच त्याचे ठरले होते असे दिसले. मी एवढेच केले की पुढच्या अर्जाच्या वेळी त्याला तक्त्याखाली एक कागद जोडायला लावला. प्रत्येक लेखापुढे तीन ओळी: प्रश्न काय होता, त्यात माझे काम किती, आणि ते कुणाच्या उपयोगी पडले. हा कागद कुणी वाचेल की नाही हे सांगता येत नाही. त्या मुलाखतीचा निकाल अजून लागलेला नाही. आक्का विचारते, आणि तो ‘लागेल’ म्हणतो.

मी गावी परतलो तो नेमका बाजारचा दिवस होता. वाचनालयात गेलो. बैठकीतल्या बाकावर पटकेवाले दोघे तिघे बसले होते. त्यांतला एक बोट फिरवीत मोठ्याने वाचत होता, बाकीचे ऐकत होते. हरभऱ्याच्या मररोगाविषयी काही तरी होते. मी जवळ जाऊन पाहिले. माझ्या तक्त्याच्या तळाशी असलेले तेच शेतीचे मासिक. त्याचे मुखपृष्ठ गळून गेले होते, कोपरे काळे पडले होते, आणि मधले एक पान कुणी तरी खळीने चिकटवलेले होते. सिनेमाचे साप्ताहिक त्याच्या शेजारी कोरे करकरीत पडले होते.

हे लोक सभासद नाहीत. ते अंक घरी नेत नाहीत. बाजाराला येतात, वाचतात आणि जातात. रजिस्टरात त्यांना रकाना नाही.

सभेत मी माझा तक्ता मांडला आणि त्यात काय मोजलेले नाही तेही सांगितले. एका सभासदाने विचारले, “मग बाजारकरी किती वाचतात तो आकडा द्या.” मी म्हणालो, “नाही माझ्याकडे. अंक आणून दाखवतो.” तो फाटका अंक हातोहात फिरला. थोडी कुरकुर झाली, पण मासिक राहिले.

परवा यंदाचे रजिस्टर पुन्हा चाळले. त्या मासिकाच्या नावापुढे यंदाही दोनच नोंदी आहेत. वर्गणीची मुदत संपत आली होती. मी ती भरून टाकली.